काढलेल्या फुफ्फुसाची भरपाई इंजेक्शनने होत नाही

संपादक महोदय,

एक फुफ्फुस काढून टाकल्यावर उरलेले फुफ्फुस ‘ग्रोथ फॅक्टर’च्या, म्हणजे पेशींना वाढायचा निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या, इंजेक्शनांनी पूर्वीइतके वाढवता येते, अशा आशयाचा मजकूर मोबाइलवर हातोहात फिरतो. त्यातले अर्धे खरे आहे, म्हणूनच तो खोडून काढणे अवघड जाते. उरलेले फुफ्फुस वाढू शकते, हे खरे. त्या वाढीत ग्रोथ फॅक्टरचा मोठा हात असतो, हेही खरे. पण बाहेरून टोचून ती वाढ माणसात घडवून आणता येते, हे आजवर कोणी दाखवलेले नाही. आणि ज्याचे फुफ्फुस कॅन्सरमुळे गेले, त्याने असा प्रयोग स्वतःवर करून घेणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे आहे. गोव्यातली कितीतरी कुटुंबे अशा शस्त्रक्रियेसाठी बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात किंवा मुंबईला जातात. निदान त्यांच्यासाठी हा विषय नीट मांडला जावा म्हणून हे पत्र. थोडे लांबले आहे, पण दोन ओळींत बसणारी ही गोष्ट नाही.

उजव्या फुफ्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. श्वासाचा साधारण 55 टक्के भार उजवे उचलते, उरलेला डावे. दोन्ही मिळून सुमारे 48 कोटी वायुकोश असतात, प्रत्येक जेमतेम 0.2 मिलिमीटर रुंदीचा. वायुकोशाच्या भिंतीचा बहुतेक पृष्ठभाग पहिल्या प्रकारच्या पातळ, पसरट पेशींनी झाकलेला असतो. अधूनमधून बसलेल्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी गुबगुबीत असतात. कोश मिटू नये म्हणून लागणारा सर्फॅक्टंट त्या बनवतात आणि वेळ आली की विभाजित होऊन पहिल्या प्रकारच्या पेशीही तयार करतात. वाढीची सगळी भिस्त या दुसऱ्या प्रकारच्या पेशींवर आणि त्यांना चिकटून असलेल्या केशवाहिन्यांवर आहे.

उंदराचे डावे फुफ्फुस एकखंडी असते, एकूण वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाचे. ते काढले की उजवी बाजू दोन-तीन आठवड्यांत वजनाची तूट भरून काढते. मजकुरात दाखवला जातो तो हाच प्रयोग, बहुतेक वेळा ‘उंदरात’ हा शब्द गाळून. माणसाच्या अधिक जवळ जाणारा पुरावा कुत्र्यांवरच्या अभ्यासातून मिळतो. टेक्सासमधील डॉ. कॉनी शिया यांच्या गटाने या विषयावर अनेक वर्षे काम केले आहे. प्रौढ कुत्र्याचे डावे फुफ्फुस, म्हणजे 42 ते 45 टक्के ऊती, काढले तर उरलेले फुफ्फुस मुख्यतः ताणून मोठे होते, नवी ऊती फारशी बनत नाही. उजवे, म्हणजे निम्म्याहून अधिक, काढले तर मात्र खरीखुरी वाढ सुरू होते. पिल्लांमध्ये ती प्रौढांपेक्षा कितीतरी जोमाची असते. म्हणजे नुकसान ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय शरीर बांधकामाला हात घालत नाही, आणि वय वाढले की ही मर्यादा आणखी वर सरकते.

शरीराला ही मर्यादा ओलांडल्याचे कळते ते ताणामुळे. एक फुफ्फुस गेले की छातीत रिकामी जागा होते, हृदय तिकडे सरकते, श्वासपटल वर चढते आणि उरलेले फुफ्फुस मध्यरेषा ओलांडून त्या पोकळीत पसरू लागते. शिवाय हृदयातून निघणारे सगळे रक्त आता एकाच फुफ्फुसातून वाहते. जुन्या प्रयोगांत रिकाम्या जागेत मेण भरले तेव्हा वाढ खुंटली. कुत्र्यांमध्ये सिलिकॉनची फुगवता येणारी पिशवी बसवून हृदय जागच्या जागी ठेवले तेव्हा वाढ पूर्ण थांबली नाही, पण बरीच घटली. पेशींच्या पातळीवर हा ताण दुसऱ्या प्रकारच्या पेशींतील ‘याप’ नावाचे प्रथिन जागे करतो आणि त्या विभाजित होऊ लागतात. ज्या ग्रोथ फॅक्टरचा एवढा गाजावाजा होतो, त्यांची पाळी या ताणासोबत येते. त्याच्या बदल्यात त्यांचा उपयोग नाही.

ही साखळी कशी चालते ते 2011 मध्ये न्यू यॉर्कमधील शाहीन रफी यांच्या गटाने उंदरात उलगडून दाखवले. शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसातल्या केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरील दोन ग्राहक (ग्रोथ फॅक्टरचा निरोप पकडणारी प्रथिने), व्हीईजीएफआर-2 आणि एफजीएफआर-1, कार्यान्वित होतात. त्यामुळे त्या अस्तराच्या पेशी एमएमपी-14 नावाचे विकर बनवतात. हे विकर आजूबाजूला दडून बसलेले ईजीएफ या ग्रोथ फॅक्टरच्या जातीचे तुकडे कापून मोकळे करते. ते तुकडे शेजारच्या पेशींवरील ईजीएफच्या ग्राहकाला जाऊन चिकटतात आणि मग विभाजन सुरू होते. 2015 मध्ये याच गटाने या साखळीच्या सुरुवातीला रक्तातील प्लेटलेट्सही असतात, असे दाखवले. त्या एसडीएफ-1 नावाचा निरोप सोडतात आणि तो अस्तराला जागे करतो. शिवाय केजीएफ आणि एचजीएफ हे दोन ग्रोथ फॅक्टर पेशींच्या वाढीला चालना देतात. एक फुफ्फुस काढलेल्या उंदरांना बाहेरून ईजीएफ, केजीएफ किंवा व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर) दिल्यास वाढीचा वेग वाढतो, हेही वेगवेगळ्या प्रयोगशाळांतून दिसले आहे.

इथे एक मेख आहे. या साखळीतली प्रत्येक कडी ठरावीक जागी, ठरावीक दिवशी आणि अगदी अल्प प्रमाणात काम करते. केशवाहिनी आणि वायुकोश यांच्यातले अंतर मायक्रोमीटरपेक्षाही कमी असते आणि निरोप तेवढ्याच अंतरात पोहोचतो. शिरेतून दिलेला ग्रोथ फॅक्टर मात्र सगळ्या अंगभर जातो. व्हीईजीएफ तर रक्तवाहिन्या पाझरायला लावतो आणि रक्तदाब खाली आणतो. ज्याच्याकडे एकच फुफ्फुस उरले आहे त्याच्या फुफ्फुसात पाणी उतरणे ही शस्त्रक्रियेनंतरची सगळ्यात घातक गुंतागुंत. म्हणूनच पहिल्या चोवीस तासांत भूलतज्ज्ञ सलाइनचा थेंबन्‌थेंब मोजतात. अशा रुग्णाला वाहिन्या पाझरवणारे औषध द्यायचे, यातला विरोधाभास वेगळा सांगायला नको. तोंडाने घेण्याचा तर प्रश्नच नाही. ही प्रथिने आहेत, पोटात अंड्याच्या बलकासारखी पचून जातात. ‘ग्रोथ फॅक्टरयुक्त’ पावडरीचा खर्च म्हणजे फुकट गेलेला पैसा.

माणसांवर प्रयोग झालेच नाहीत असे नाही. केजीएफचे औषधी रूप पॅलिफर्मिन 2004 पासून वापरात आहे, पण ते रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात तोंड सोलवटू नये म्हणून. गंभीर फुफ्फुस-इजा झालेल्या रुग्णांना त्याचा फायदा होईल, अशी मोठी आशा होती. ब्रिटनमधील केअर चाचणीत शरीराच्या दर किलो वजनामागे 60 मायक्रोग्रॅम हे प्रमाण रोज, जास्तीत जास्त सहा दिवस दिले गेले. 2017 मध्ये निकाल आला तेव्हा ऑक्सिजनमध्ये सुधारणा दिसली नाही. उलट औषध मिळालेल्या रुग्णांना व्हेंटिलेटरशिवायचे दिवस कमी मिळाले. ही चाचणी फुफ्फुस काढलेल्यांवरची नव्हती, हे मान्य. पण प्राण्यांत उत्तम ठरलेले औषध माणसात उलटे पडू शकते, एवढे तिने दाखवून दिले.

अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाचीही हीच कथा. 1997 मध्ये मासारो दांपत्याने या औषधाने उंदरांतला एम्फिसीमा, म्हणजे वायुकोशांच्या भिंती नष्ट होण्याचा आजार, बरा होतो, असे दाखवले आणि खळबळ उडाली. कुत्र्यांमध्ये फुफ्फुस काढल्यावर ते दिल्यास ऊती थोडी वाढली, पण श्वासाच्या क्षमतेत फरक पडला नाही. अमेरिकेतल्या फोर्टे चाचणीत, 2006 मध्ये, एम्फिसीमाच्या रुग्णांना निश्चित लाभ दिसला नाही. हे वाचून कोणी अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल घेऊ लागला तर त्याला वेळीच अडवावे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांवर आणि अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेल्यांवर अमेरिकेत कॅरेट नावाची चाचणी झाली. त्यात रोज 30 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि 25,000 युनिट अ जीवनसत्त्व दिले गेले. औषध घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर 28 टक्क्यांनी जास्त निघाला आणि चाचणी 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. गाजर-पपई खुशाल खावी, कॅप्सूल नको.

कॅन्सरच्या रुग्णाच्या बाबतीत तर मुळातच गणित उलटे आहे. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर आज ज्या गोळ्या सर्रास दिल्या जातात, जेफिटिनिब, अर्लोटिनिब, ओसिमर्टिनिब, त्या ईजीएफच्या ग्राहकाचे दार बंद करतात. बेव्हासिझुमॅब व्हीईजीएफला निकामी करते. नव्या वायुकोशाला जे खतपाणी लागते तेच गाठीलाही लागते. एकीकडे रुग्णाने दार बंद करणारी गोळी घ्यायची आणि दुसरीकडे ते उघडणारे इंजेक्शन टोचून घ्यायचे, याला उपचार म्हणवत नाही. कॅन्सर तज्ज्ञाला न सांगता असे काही घेणारे रुग्ण असतात. म्हणून प्रत्येक भेटीत तज्ज्ञाने हा प्रश्न स्वतःहून विचारायला हवा.

मग माणसाचे फुफ्फुस वाढतच नाही का? लहान मुलांचे वाढते. जन्मावेळी वायुकोश काही कोटीच असतात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत ते झपाट्याने वाढतात, त्यामुळे लहानपणी खंड काढलेली मुले पुढे चांगली भरून निघतात. प्रौढांबाबत सर्वात ठोस पुरावा 2012 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. एका स्त्रीचे उजवे फुफ्फुस 1995 मध्ये, ती 33 वर्षांची असताना, कॅन्सरमुळे काढले होते. पंधरा वर्षांत तिची श्वासक्षमता हळूहळू वाढत गेली. हेलियम-3 वायू हुंगवून काढलेल्या एमआरआयमध्ये उरलेल्या डाव्या फुफ्फुसात वायुकोशांची संख्या 64 टक्क्यांनी वाढल्याचा अंदाज निघाला. हे नवे वायुकोश नेहमीपेक्षा उथळ होते. ही एकच रुग्ण होती, लागली पंधरा वर्षे, आणि ग्रोथ फॅक्टरचे एकही इंजेक्शन दिलेले नव्हते. या शेवटच्या तपशिलाचा जाहिरातींत कुठे पत्ता नसतो.

‘आमच्या उपचाराने फुफ्फुस वाढले’ असे म्हणून जो सीटी स्कॅन दाखवला जातो, तो वाचायची एक साधी रीत आहे. उरलेले फुफ्फुस सीटीवर मोठे दिसणारच, कारण ते पोकळीत पसरते. प्रश्न आहे तो ऊती वाढली का, हा. सीटीमध्ये फुफ्फुसाची घनता हाउन्सफील्ड एककात मिळते. त्या आकड्यात 1000 मिळवून 1000 ने भागले की दर मिलिलिटरमागे ग्रॅम किती ते कळते. समजा शस्त्रक्रियेनंतर लगेच फुफ्फुसाचे आकारमान 2 लिटर आणि सरासरी घनता उणे 800 आहे. म्हणजे 0.2 ग्रॅम गुणिले 2000, एकूण 400 ग्रॅम. दोन वर्षांनी आकारमान 3 लिटर झाले पण घनता उणे 867 वर गेली, तर वजन पुन्हा 400 ग्रॅमच. फुफ्फुस नुसते फुगले आहे, नवी भिंत बनलेली नाही. 3 लिटरला घनता उणे 800 राहिली तर मात्र 600 ग्रॅम. म्हणजे काहीतरी भर पडली. त्यातही रक्त किती आणि ऊती किती हे सीटी सांगत नाही, सूज किंवा न्यूमोनिया असेल तरी वजन वाढते. दोन्ही स्कॅन पूर्ण श्वास भरून काढलेले हवेत, नाहीतर आकडे निरर्थक. म्हणूनच सोबत डीएलसीओ तपासणी लागते. भिंतीतून वायू रक्तात किती वेगाने जातो ते ती मोजते आणि हिमोग्लोबिनच्या प्रमाणाने तो आकडा दुरुस्त करावा लागतो. पांडुरोग असलेल्या रुग्णाचा आकडा उगाचच कमी दिसतो. केवळ स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून हवा मोजण्याच्या तपासणीचा, वाढलेला आकडा दाखवून कोणी दावा करत असेल तर तो मानू नये.

खरा हिशेब शस्त्रक्रियेच्या आधीच मांडला जातो आणि तो कुटुंबाने डॉक्टरांकडून समजून घ्यावा. एका सेकंदात जोराने किती हवा बाहेर टाकता येते तो आकडा, एफईव्ही-1, घ्यायचा. मग रक्तप्रवाहाच्या स्कॅनवरून काढायच्या फुफ्फुसाकडे किती टक्के रक्त जाते ते बघायचे आणि तेवढा भाग वजा करायचा. एफईव्ही-1 जर 2.4 लिटर आणि उजवीकडे 55 टक्के प्रवाह, तर उरतात 1.08 लिटर. क्षयाने जळून गेलेले फुफ्फुस असेल, प्रवाह 8 टक्केच आणि एफईव्ही-1 1.6 लिटर, तर उरतात जवळपास 1.47. आधी आकडा कमी असलेला दुसरा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर पुढे निघतो, कारण त्याचे दुसरे फुफ्फुस अनेक वर्षे एकट्यानेच भार वाहत आलेले असते. हाच हिशेब डीएलसीओसाठीही करतात. उरणारे दोन्ही आकडे अपेक्षित प्रमाणाच्या 60 टक्क्यांवर असतील तर धोका कमी, 30 ते 60 मध्ये असतील तर जिने चढण्याची चाचणी, त्याखाली असतील तर सायकलवर बसवून प्राणवायूच्या वापराची चाचणी. जिन्यांची मर्यादा 22 मीटर, म्हणजे साधारण सात मजले. ती रुग्णालयातच, सोबत माणूस ठेवून करायची. पणजीतल्या आल्तिनो टेकडीची चढण चढून घरच्या घरी निकाल लावू नये.

शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर एक्स-रेत रिकाम्या बाजूला पाणी भरत चाललेले दिसते आणि नातेवाईक घाबरतात. हे पाणी अपेक्षित आहे, पहिल्या दोन आठवड्यांत जागेचा मोठा भाग त्याने भरतो. ते काढायचे नसते. घाबरायचे ते उलट घडले तर. पाण्याची पातळी एकदम खाली आली आणि खोकल्यातून पातळ, लालसर पाणी पडू लागले, तर श्वासनलिकेचा टाका सुटला असण्याची शक्यता असते. अशा वेळी रुग्णाला शस्त्रक्रिया झालेली बाजू खाली ठेवून निजवायचे, म्हणजे ते पाणी चांगल्या फुफ्फुसात शिरत नाही, आणि थेट रुग्णालय गाठायचे.

प्लॅस्टिकच्या तीन गोळ्यांचे ते श्वासाच्या व्यायामाचे निळे-पांढरे यंत्र जवळपास प्रत्येक घरी दिले जाते. निम्मी माणसे त्यात फुंकतात. ते ओढायचे असते. उठून बसायचे, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे, सावकाश ओढत गोळी वर ठेवायची आणि तीन सेकंद श्वास रोखायचा. जागेपणी तासाला दहा वेळा. 600, 900, 1200 हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत, साठ्याचे नव्हेत. झटका देऊन तिन्ही गोळ्या उडवल्याने काही साधत नाही. एक गोळी तीन सेकंद टिकणे बरे. आणि या यंत्राने फुफ्फुस वाढत नाही, तळाचे वायुकोश उघडे राहतात, इतकेच. चालण्याचा उपयोग त्याहून जास्त: सुरुवातीला दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे, दर आठवड्याला थोडे वाढवत, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा बसून नव्हे, चालताना बघावा. तो 88 च्या खाली घसरत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

आपल्याकडचा पावसाळा अशा रुग्णाला जड जातो. ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी त्याने स्वतः खरवडू नये, दुसऱ्याने करावे आणि तोवर त्याने त्या खोलीत थांबू नये. पावसाआधी फ्लूची लस आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने न्यूमोकोकसची लस घ्यावी. मार्च ते मेमध्ये काजूच्या भट्टीचा धूर आणि वर्षभर चुलीचा धूर टाळावा. तंबाखूबद्दल वेगळे काय सांगायचे? 1933 मध्ये सेंट लुईसमध्ये कॅन्सरसाठी अख्खे फुफ्फुस एका बैठकीत काढून यश मिळवणारे डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम 1957 मध्ये स्वतः फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. ते सिगारेट ओढत असत. त्यांचा तो रुग्ण त्यांच्यानंतरही काही वर्षे जगला.

इंजेक्शन विकणाऱ्या दवाखान्यात कोणाला जायचेच असेल तर दोन गोष्टी विचाराव्यात. ही चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक काय? भारतात पहिला रुग्ण घेण्याआधी नोंदणी सक्तीची आहे, क्रमांकात वर्ष आणि महिना असतो, आणि सरकारी संकेतस्थळावर तो कोणालाही विनामूल्य शोधता येतो. तिथे फुफ्फुस काढलेल्या रुग्णांसाठी, त्याच औषधाची नोंद दिसली पाहिजे. गुडघ्याच्या चाचणीचा क्रमांक पुढे केला तर चालणार नाही. दुसरे, पैसे किती? चाचणीतल्या औषधाचे पैसे सहभागी रुग्णाकडून घ्यायचे नसतात. लाखाचे पॅकेज सांगितले तर ती चाचणी नव्हे. स्टेम सेलची जोड दिली तरी फरक पडत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्य आजारांतील रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलचे प्रत्यारोपण सोडून बाकी सगळे संशोधनातच मोडते.

आपल्या दैनिकाकडून एक अपेक्षा आहे. ‘फुफ्फुस पुन्हा उगवले’ छापाची परदेशी बातमी देताना शीर्षकात प्राण्याचे नाव असावे, आणि मजकुरात त्याचे वय, कोणती बाजू किती काढली आणि वाढ कशाने मोजली, आकारमानाने, वजनाने की वायूच्या वहनाने, हे यावे. मूळ निबंधात हे बहुधा पहिल्याच परिच्छेदात असते. आरोग्य पानावर दवाखान्याची जाहिरात स्वीकारताना जाहिरात विभागाने तो सीटीआरआय क्रमांक मागून घेतला तर बरेच काम तिथेच होईल.

आपला,
श्वसनरोग विषयाचा एक निवृत्त अध्यापक, पणजी